हकीकत सरनोबतांच्या कार्डाची व बावडेकर रश्श्याची

श्रीअंबाबाई प्रसन्न. करवीरनगरीचे शेजारी कसबा बावडा म्हणोन नामांकित ठाणे, जेथे हवेस साखर कारखान्याचे मळीचा वास आणि माणसांस तालमीची माती, तेथील आण्णासाहेब सरनोबत यांनी क्रेडिट कार्ड नामे हत्यार कैसे संपादिले, ते हत्यार धन्यावरच कैसे उलटले, आणि अखेरीस बिलाची पै न पै चुकती करोन फत्ते कैशी जाहली, ही हकीकत लिहोन ठेवावी ऐसे गल्लीतील थोरांनी फर्माविले, सबब लिहितो. लढाया काय त्या घोड्यावर बसोनच होतात ऐसे ज्यांस वाटते, त्यांनी महिनाअखेरीस बँकेचा मेसेज उघडोन पाहावा, मग बोलावे.

आण्णासाहेब हे पाटबंधारे खात्यातून बाइज्जत निवृत्त जाहलेले गृहस्थ. आडनाव सरनोबत, म्हणजे पूर्वी कधी पदरी घोडदळ असेल. हल्ली एक मोपेड होती, तीही लाथ खाल्ल्यावाचून चालत नसे. नेकीचे ऐसे की जन्मात कोणाचे देणे ठेविले नाही. परंतु स्वभावात दोन खोटी होत्या. कोणी काही मागितले तर 'न्हाय' हा शब्द त्यांचे मुखातून निघत नसे, आणि आपले हक्काचे कोणाकडे मागावयाचे म्हटले की जीभ टाळूस चिकटे. पहिलीमुळे घरातील शिडी, छत्री आणि प्रवासी बॅग बहुधा दुसऱ्याचे घरी तैनात असत, आणि दुसरीमुळे ती लवकर परत येत नसत.

त्यांचे कुटुंब सौभाग्यवती चिमणाबाईसाहेब या घरखाते, खजिना आणि चटणी या तिन्हींच्या मुखत्यार होत्या. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची कांदा-लसूण चटणी होते, त्यात बाईसाहेबांच्या हातास ऐसी चव की त्यांचे डबे पेठ वडगाव आणि जयसिंगपूरपावेतो जाऊ लागले. परंतु मिरची कुटावयाचे यंत्र, ज्यास लोक डंका म्हणतात, ते स्वतःचे नव्हते. परक्याचे डंक्यावर मिरचीचे डबे घेऊन रांगेत बसावे, वीज गेली की दिवस गेला, पुढल्याची हळद आपल्या मिरचीत मिसळली तरी बोलावयाची सोय नाही, आणि डंकवाल्याचे मुजोरीस पारावार नाही. ऐशी तीस वर्षे गेली. बाईसाहेबांचे मनी मनसबा एकच, की आपल्या दारात आपला डंका असावा.

त्याकरिता गतवर्षी उभयता बँकेत दाखल जाहले. कर्जखात्याचे साहेबांनी संगणकात डोकावून कळविले ऐसे जे, आण्णासाहेबांनी आजवर कर्ज म्हणोन घेतलेच नाही, तेव्हा घेतलेले फेडतात की बुडवितात याची दफ्तरी नोंद नाही, आणि नोंद नाही तोवर डंक्यास कर्ज नाही. हे ऐकोन आण्णासाहेब कढईसारखे तापले आणि म्हणाले, "म्हंजी जल्मभर कुणाचं देणं ठेवलं न्हाय, ह्योच आमचा गुन्हा व्हय?" त्यावर साहेबांनी चहा मागविला आणि मसलत दिली, की एक साधे कार्ड घ्यावे, थोडके वापरावे, दरमहा बिल मुदतीत पुरते भरावे, आणि फेब्रुवारीत थकबाकीची कोरी पाटी घेऊन यावे, म्हणजे मिरचीचा हंगाम लागण्यापूर्वी डंक्याचे काम मार्गी लावू. बाईसाहेबांनी तो चहा घेतला नाही, पण शब्द मात्र पदरी गाठ मारोन घेतला.

मग कार्डाची मोहीम मांडली. दसऱ्याचे सुमारास आण्णासाहेब शहरात कापड आणावयास गेले असता मॉलचे दारात तीन बँकांचे तीन वकील गळ्यास टाय लावून ठाण मांडोन बसले होते. त्यांतील राजवीर नामे मुख्याने मोठ्या अदबीने मुजरा करोन विनविले की महिन्याचे टार्गेट राहिले आहे, काकांनी फक्त सही करावी, बॅग फुकट आहे. आण्णासाहेबांचे काळीज लोणी. एकाकडे सही केली, मग दुसऱ्याने केविलवाणे पाहिले म्हणोन त्याकडे केली, आणि तिसऱ्यास वाईट वाटू नये म्हणोन त्याकडेही केली, आणि तीन बॅगा मोपेडीस अडकवोन विजयी मुद्रेने बावड्यात प्रवेश केला. चिमणाबाईसाहेबांनी दारातच अडवोन पुसिले, "पोराचं टार्गेट हाय म्हणून आपलं डोस्कं गहाण टाकायचं व्हय?"

या समयी कन्या अनुजा पुढे सरसावली. ती कॉलेजात कॉमर्स शिकवी, आणि घरात हिशेबाचा वाद निघाला की तिचा शब्द शेवटचा. तिने वडिलांस समजाविले की प्रत्येक अर्जागणिक बँक आपले दफ्तर तपासते, त्या तपासणीची खूण राहते, आणि एकाच वेळी तीन दारी उभा राहणारा मनुष्य अडचणीत आहे ऐसा सावकारांचा समज होतो. मग दुसरे दिवशी ती बॅगा घेऊन मॉलात गेली, तिन्ही अर्ज पाठविण्यापूर्वीच परत घेतले, आणि जेथे आण्णासाहेबांची पेन्शन जमा होते त्याच बँकेत, वर्षाची फी नसलेल्या कार्डाचा, एकच अर्ज केला. आण्णासाहेब त्या मॉलाचे दिशेस पुढे बरेच दिवस फिरकले नाहीत, कारण राजवीरास काय वाटले असेल याची त्यांस टोचणी होती.

यथावकाश कार्ड आले. बँकेने मर्यादा लाखाची दिधली. बाईसाहेबांनी देव्हाऱ्यापुढे ठेवोन त्यास हळदकुंकू वाहिले, ते नेमके सोनेरी चिपेवर, म्हणोन अनुजेने ओल्या फडक्याने कार्ड पुसोन घेतले आणि घरात हुकूम जारी केला. तो ऐसा, की लाख ही बँकेने घातलेली वेस आहे, आपली मिळकत नव्हे. खात्यात जेवढे आहे तेवढेच कार्डाने खर्चावे. बिल आले की पुरते भरावे. या कार्डाने रोकड काढू नये, कारण त्याचे व्याज त्याच दिवशी सुरू होते. आणि पिन देवासही सांगू नये. आण्णासाहेबांनी सर्व कबूल केले. मग वीजबिल, गॅस, मोपेडीचे पेट्रोल आणि चटणीचे खोबरे-धणे एवढेच कार्डावर घ्यावे, आणि पेन्शन जमा होताच बिल निःशेष करावे, ऐशी शिस्त लागली, आणि दिवाळी गेली, आणि डिसेंबर गेला, आणि मुलूख शांत होता. बखरकारास ऐशा शांततेचा भरवसा कधी वाटत नाही.

आता रस्सा मंडळाचे वर्तमान. गल्लीतील तालमीचे जुनेनवे पैलवान आणि त्यांचे सोयरे मिळोन हे मंडळ होते, आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा करोन पंगत बसविणे हे त्याचे राजकारण. कारभारी गूळवाले अप्पा. मंडळाचा रिवाज ऐसा, की मटणाचे आणि बाजाराचे पैसे कोणी एकाने आधी भरावे, आणि भरताना नोटा सर्वांदेखत, थुंकी लावोन, मोठ्याने मोजाव्या. पंगत उठली की तो मनुष्य तोंडाने चकार शब्द काढीत नसे, कारण जेवलेल्यास पैसे मागणे म्हणजे बावड्यात मोठी बेअब्रू. परंतु मोजलेल्या नोटा सर्वांचे डोळ्यांपुढे असत, सबब एकेकाचा हात आपोआप खिशात जाई आणि ज्याचा त्याचा हिस्सा निमूट जमा होई. न मागता वसूल होणारा ऐसा महसूल अन्य मुलखात नाही.

जानेवारीचे एका रविवारी पाळी आण्णासाहेबांची आली. जवळ रोकड नव्हती. अप्पांनी आदले दिवशी खांद्यावर हात टाकोन पुसिले, "आण्णा, तुज्याकडं कार्ड हाय न्हवं? मग काय काळजी मर्दा!" आण्णासाहेबांस 'न्हाय' म्हणता आले नाही, आणि मनात ऐसेही आले की हिस्से जमले की बिल भरता येईलच. मग मंडळादेखत कार्ड बाहेर काढिले, आणि मटणवाल्याचे यंत्रावर टेकविले, पिन दाबिला, आणि यंत्र एकदा बारीक आवाजात चिवचिवले, आणि काम जाहले. मग किराणेवाल्याकडेही तैसेच. साठेक माणूस पोटभर जेविले. पांढरा रस्सा ऐसा उतरला की लोक वाटी तोंडास लावोन पीत होते. पंगत उठली, सर्वांनी ढेकर दिले, आण्णासाहेबांची पाठ थोपटली आणि आपापले घरी गेले. एकाही हाताने खिशाची वाट धरिली नाही.

दुसरे दिवशी चौकात फ्लेक्स लागला. त्यावर आण्णासाहेब गॉगल घालोन वाघापुढे उभे, जरी त्यांनी जन्मात गॉगल घातला नाही आणि वाघ सर्कशीत पाहिला. मजकूर ऐसा: 'लाखाचे मानकरी, बँकेचे लाडके, मा. आण्णासाहेब सरनोबत यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक समस्त रस्सा मंडळ', आणि तळाशी बारीक अक्षरांत, 'सौजन्य: बँक.' फ्लेक्सचा खर्च बँकेने केला असावा ऐसे समजोन आण्णासाहेब मनातून सुखावले आणि हिश्श्यांची वाट पाहात बसले. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि लोक भेटत, हसत, "लई भारी जेवान" म्हणत, आणि पुढे जात.

मग बिल येऊन थडकले. एकतीस हजार चारशे. पेन्शन त्याहून उणी. आण्णासाहेबांनी चष्मा पुसोन आकडा पुन्हा वाचिला. परंतु खाली नजर जाता तेथे लिहिले होते, 'किमान देय रक्कम, पंधराशे सत्तर.' ते वाचोन त्यांस परम संतोष वाटला, आणि त्यांनी घरात जाहीर केले की बँकेने पंधराशे सत्तरावर तह दिला आहे, माणसे भली आहेत. अनुजेने तहनामा हाती घेऊन पाहिला आणि त्यातील पेच उलगडोन दाखविला. हे पंधराशे भरल्याने उशिराचा डाग लागत नाही इतकेच खरे. राहिल्या रकमेवर महिना शेकडा साडेतीन, म्हणजे वर्षास बेचाळीस ऐसे व्याज चढते, आणि नवे घेतलेल्या पेट्रोलासही पहिल्या दिवसापासून तेच व्याज लागते, आणि मुख्य म्हणजे बँकेचे साहेब पुढील पंधरवड्यात दफ्तर उघडतील तेव्हा त्यांस कोरी पाटी दिसणार नाही, थकलेले देणे दिसेल. मुदत पाच तारखेची होती. बाईसाहेब तो वेळपावेतो लसूण सोलीत होत्या. त्यांनी लसणाची परात बाजूस सारली आणि एवढेच म्हणाल्या, "डंका गेला म्हणा की."

आण्णासाहेबांस ते वाक्य फार लागले. त्यांनी हिस्से वसूल करावयाचा निश्चय करोन पहिली स्वारी थेट कारभारी अप्पांवर नेली. अप्पांनी दारातच मिठी मारिली, गूळ-शेंगा पुढे ठेविल्या, नातवाचे बारशाची गोष्ट सांगितली. आण्णासाहेब तीन वेळा घसा खाकरले. चौथे वेळी अप्पांनी पुसिले की घसा बसला काय, आणि बसला असेल तर काढा देतो, आणि येता येता ती शिडी मिळेल काय. आण्णासाहेबांनी होकार दिला, घरी आले, शिडी उचलिली आणि अप्पांकडे पोचती केली. दुसरी स्वारी म्हशीच्या दुधाच्या कट्ट्यावर नेली. तेथे मंडळाचे पाच सरदार धारोष्ण दूध पीत उभे होते. बोलावयाचे म्हणोन आण्णासाहेब पुढे सरले, आणि बोलणे सुचेना म्हणोन सर्वांच्या ग्लासांचे पैसे देऊन परतले. बाईसाहेबांनी सर्व वर्तमान ऐकोन घेतले आणि पुसिले, "अवो, मागाय गेल्तासा का द्याय?"

चार तारखेस सकाळी बाईसाहेबांनी फडताळातून पत्र्याचा डबा काढिला. त्यात डंक्याचे पहिल्या भरण्यासाठी त्यांनी चटणी विकोन साठविलेले पैसे होते. तो डबा आण्णासाहेबांपुढे ठेविला आणि रागाने नव्हे, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "हे भरा बिलात. डंका फुडल्या वर्सी बगू. मला रांगंची सवं हाय." येथे बखरकाराची लेखणी थोडी अडखळते. आण्णासाहेबांनी डब्याकडे पाहिले, मग बाईसाहेबांच्या हातांकडे पाहिले, ज्यांची तिखटाने झालेली लाली कोणत्याही साबणाने जात नसे, आणि त्यांचे डोळे भरोन आले. तीस वर्षे ही माउली परक्याचे दारात डबे धरोन बसली आणि आपण कट्ट्यावर दूध वाटीत फिरलो, याची त्यांस मनस्वी शरम वाटली. त्यांनी डबा उचलोन जैसा होता तैसा फडताळात ठेविला आणि म्हणाले, "न्हाय."

हा शब्द नकार म्हणोन त्यांनी जन्मात प्रथमच उच्चारिला. अनुजेने पुन्हा एकदा विचारोन खातरजमा केली.

मग आण्णासाहेब पायात वहाणा घालोन तिसऱ्या स्वारीस निघाले, आणि सायंकाळी तालमीत मंडळ जमले होते तेथे जाऊन आखाड्याचे कडेस उभे राहिले. अप्पा त्या समयी पुढील रविवारचा बेत ठरवीत होते आणि म्हणाले, "ह्यो बगा आला. आण्णा, ऐतवारी परत काढायचं की कार्ड!" सभेत हशा पिकला. आण्णासाहेब हसले नाहीत. या वेळी त्यांची जीभ टाळूस चिकटली नाही. ते म्हणाले, "गड्यानू, मी मागाय आलोय. त्या जेवणाचं पैसं माज्या अंगावर हाईत. उद्याच्याला भरलं न्हाईत तर आमच्या घरातलीचा डंका बुडतोय. तीस वर्सं ती लोकाच्या दारात रांगंत बसलीया. मला आता बगवत न्हाय. ज्येचा त्येचा हिस्सा द्या."

मग अप्पा हळूहळू उठले आणि म्हणाले, "म्हंजी... ते जेवान बँकंचं न्हवतं व्हय?"

तेव्हा सर्व उलगडा जाहला. नोट मोजलेली कोणी पाहिली नव्हती. यंत्र चिवचिवले, कागद बाहेर आला, आणि आण्णासाहेबांचे पाकीट जैसे होते तैसे खिशात गेले, तेव्हा समस्त मंडळाने ऐसा तर्क केला की लाखाचे कार्ड देणाऱ्या बँकेने मानकऱ्याचे दोस्तांस जेवण घातले आहे. आणि सौजन्य म्हणोन तिचे नावही त्यांनी कृतज्ञतेने फ्लेक्सवर घातले होते. अप्पांनी दोन्ही हात कपाळावर मारोन घेतले. "आरं मर्दा, सांगायचं न्हाय व्हय? आमी साठ माणसं तुज्या जिवावर ढेकर देऊन बसलाव! आता माझ्या नरड्याखाली पाणी उतरायचं न्हाय." एवढे बोलोन त्यांनी आपला हिस्सा आखाड्याचे कडेस ठेविला, आणि मग जो हातांचा ओघ खिशांकडे लागला तो आवरेना. ज्यांजवळ रोकड नव्हती त्यांनी तेथेच उभे राहोन अनुजेचे फोनवर पाठविले. गल्लीतील धोंडुबाई काठी टेकीत आल्या आणि म्हणाल्या, "माजी तीन पोरं जेवल्यात आन मला डबा आल्ता. चौघांचं घ्या. दुसऱ्याचं फुकाट खायाला आमी काय भूक लागून पडलोय व्हय?" बखरकारानेही आपला हिस्सा तेथेच भरला, आणि मगच ही लेखणी हाती घेतली.

आण्णासाहेबांचा स्वतःचा आणि घरच्यांचा हिस्सा व कार्डावरील घरखर्च पेन्शनीतून घालोन रक्कम पुरी जाहली. पाच तारखेस सकाळी नोटा खात्यात भरिल्या, आणि अनुजेने फोनावर 'किमान रक्कम' या गोड वकिलास ओलांडोन 'पूर्ण रक्कम' या कलमावर बोट ठेविले, आणि बिल निःशेष जाहले. त्याच दिवशी चौकातील जुना फ्लेक्स उतरोन नवा चढला. गॉगल आणि वाघ तेच, मजकूर मात्र ऐसा: 'संपूर्ण बिल मुदतीत भरल्याबद्दल मा. आण्णासाहेब सरनोबत यांचा जाहीर सत्कार.' तळाशी सौजन्य म्हणोन साठ नावे होती, ती मावेनात म्हणोन वाघाचे शेपूट कापावे लागले.

पुढील पंधरवड्यात बँकेचे साहेबांनी दफ्तर उघडले, पाटी कोरी पाहिली आणि कर्जाचे कागद मंजूर केले. या खेपेस चिमणाबाईसाहेबांनी चहा घेतला. होळीपूर्वी जयसिंगपुराहून टेंपोत बसोन डंका आला, त्यास हार घातला, तालमीच्या पोरांनी हलगी वाजविली, आणि बाईसाहेबांनी पहिली मिरची टाकिली. दोन्ही मुसळे धडाधड सुरू होताच ऐसा ठसका उठला की समस्त गल्ली शिंकू लागली, आणि शिंकता शिंकता हसू लागली.

मग दारात चटणीसाठी रांग लागली. बाईसाहेबांनी हुकूम सोडिला की उधार नाही, कार्ड नाही, ओळख नाही. रांगेत सर्वांपुढे खासे आण्णासाहेब उभे होते. बाईसाहेबांनी वर न पाहता पुसिले, "किती?" त्यांनी एक किलो सांगितले, आणि खिशातून नोटा काढिल्या, आणि सर्वांदेखत, थुंकी लावोन, मोठ्याने मोजिल्या. ती पहिली भवानी बाईसाहेबांनी कपाळास लावोन गल्ल्यात टाकिली, आणि सुटे परत केले, आणि तेव्हा कोठे वर पाहिले व हसल्या. आणि आण्णासाहेबांचे पाठीमागे, कोणी काही न मागता, रांगेच्या टोकापावेतो एकेक हात आपोआप खिशात गेला.

येणेप्रमाणे सरनोबतांचे मोहिमेस यश आले. कार्ड हल्ली चटणीचे बरणीमागे असते, दरमहा बिल पुरते भरले जाते, थकबाकी शून्य आहे. शिडी मात्र अद्याप अप्पांकडेच आहे. लेखनसीमा.